नंबर दहा

सूर्यकांत शिंत्रे स्वस्थ बसायचा तो फक्त डोळ्याला भिंग लावलेलं असताना. भिंग लावलं की माणूस दगड. हात तेवढे चालायचे, तेही मनगटाच्या खाली. भिंग उतरवलं की तो उठलाच. चहाचा कप घेऊन खिडकीशी जायचा, तिथून दाराशी, दारातून पुन्हा बाकाशी, आणि चहा कुठेतरी तसाच राहायचा. दुबईतल्या घड्याळ कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये एकवीस वर्षं काढलेला हा हेड टेक्निशियन. पण १९९९च्या त्या उन्हाळ्यात त्याचे गार झालेले कप शोधत फिरणं हे रिसेप्शनवरच्या अनुपमाचं रोजचं काम होऊन बसलं होतं.

कारण साधं होतं. ऑक्टोबरात त्याला साठ वर्षं पुरी होणार होती. साठ झाली की कंपनी माणसाला हार घालून घरी पाठवायची. नोकरी गेली की व्हिसा गेला, आणि व्हिसा गेला की अख्खं घर उचलायचं. सूर्यकांतचं लग्न उशिरा झालेलं. मुलगी शुभ्रा यंदा बारावीत. ऑक्टोबरात निघायचं म्हणजे बोर्डाची परीक्षा पाच महिन्यांवर असताना पोरीला शाळेतून काढायचं. म्हणून त्याने एका वर्षाच्या एक्स्टेन्शनचा अर्ज दिला होता. तो मार्चपासून मॅनेजर शैलेंद्रच्या टेबलावर पडून होता. शैलेंद्र इंदूरचा, सूर्यकांतपेक्षा पंचवीस वर्षांनी लहान, मनाने वाईट नव्हता. विचारलं की म्हणायचा, इन्शाल्ला, काका, हो जाएगा. आणि या देशात इन्शाल्ला म्हणजे हो की नाही, हे एकवीस वर्षांनंतरही सूर्यकांतला उमगलेलं नव्हतं.

त्याच वर्षी कंपनीला दीडशे वर्षं होत होती. स्वित्झर्लंडहून मूळ मालकाच्या चरित्राचं गुळगुळीत कागदाचं पुस्तक प्रत्येक सेंटरला आलं. बाकीच्यांनी फोटो पाहून ठेवून दिलं. सूर्यकांतने ते घरी नेलं. त्याला अक्षरओळख झाली तीच चौदाव्या वर्षी, कोल्हापुरात घड्याळाच्या दुकानात. दुरुस्तीच्या चिठ्ठ्या वाचता याव्यात म्हणून मालकाने त्याच्याकडून पाटीवर आधी आकडे गिरवून घेतले आणि मग अक्षरं. इंग्रजी तर फारच नंतर आलं. त्यामुळे छापील ओळ तो अजूनही बोट ठेवून वाचायचा, आणि एकदा वाचलेलं विसरायचा नाही.

मालकाचं नाव आल्बां वेरदिये. डोंगरातल्या एका खेड्यातला, छपरं शाकारणाऱ्याचा मुलगा. त्या मुलखात सहा महिने बर्फ, शेती बंद. मग शेतकरी खिडकीशी बसून घड्याळाचे भाग करायचे. एका घरात नुसती चाकं, दुसऱ्या घरात नुसते स्क्रू. आल्बां बारा वर्षांचा असल्यापासून पाठीवर पेटी बांधून ते भाग गोळा करत हिंडायचा. एका घरचं चाक दुसऱ्या घरच्या आसावर कधी नीट बसायचं नाही. प्रत्येक घड्याळ कानशीने घासघासून जुळवावं लागायचं. त्या हिंडण्यातच त्याच्या डोक्यात किडा शिरला, की ही सगळी माणसं एका छपराखाली आणायची, यंत्रं बसवायची, आणि कुठलंही चाक कुठल्याही घड्याळात बसेल असं करायचं. १८४९ साली त्याने कारखाना काढला आणि कामावर बोलवायला घंटा टांगली. लोक भडकले. आपल्या खिडकीशी आपल्या मर्जीने बसणारी माणसं ती, घंटेवर उठणं त्यांना जनावरागत वाटलं. पहिल्या वर्षात दोनदा घंटा चोरीला गेली. त्याने तिसरी आणली. दोनदा त्याचं दिवाळं वाजलं, दोनदा तो उभा राहिला. त्याच्या ऑफिसात म्हणे खुर्चीच नव्हती. दिवसभर हा माणूस या यंत्रापासून त्या यंत्रापर्यंत चालत असायचा, जेवणसुद्धा उभ्याने. हे वाचताना सूर्यकांत एकटाच हसला.

त्याला धरून ठेवलं ते पुढच्या प्रकरणाने. १८७४ साली वेरदियेने पूर्वेच्या बाजारासाठी शंभर खिशातली घड्याळं केली, अरबी आकड्यांची. अरबीत सात म्हणजे वर उघडलेली दोन बोटं आणि आठ म्हणजे तीच बोटं खाली. तबकड्या रंगवणाऱ्या पोरीने नमुन्याचा कागद उलटा धरला आणि सात-आठची अदलाबदल झाली. त्या खेड्यात ते आकडे कोणी जन्मात पाहिले नव्हते, त्यामुळे कोणाला काही कळलं नाही. चाळीस घड्याळं इस्तंबूलच्या व्यापाऱ्याने हसत परत धाडली. वेरदियेने सगळ्या कामगारांना अंगणात उभं केलं आणि त्या चाळीसही तबकड्या स्वतःच्या हाताने हातोडीने फोडल्या. मग नव्या तबकड्या बसवून शंभर घड्याळं धाकट्या भावाबरोबर, ज्यूलबरोबर, बोटीने मुंबईला पाठवली. त्यातलं दहा नंबरचं त्याने ज्यूललाच भेट दिलं होतं. ज्यूल मुंबईत तापाने गेला. त्याची पेटी परत आली, घड्याळ आलं नाही. वेरदियेने त्या घड्याळासाठी ऑफिसच्या भिंतीवर एक खिळा मारला, आणि मरेपर्यंत, म्हणजे आणखी सोळा वर्षं, त्या खिळ्यावर काही टांगू दिलं नाही. पुस्तकाच्या शेवटच्या पानावर त्या रिकाम्या खिळ्याचा फोटो होता.

तबकड्या फोडल्या त्याला पुस्तकात गुणवत्तेचा आग्रह म्हटलं होतं. त्या पोरीचं पुढे काय झालं ते कुठे लिहिलेलं नव्हतं. सूर्यकांतने त्यासाठी पानं दोनदा मागेपुढे उलटली.

जूनच्या शेवटी शेजारच्या अजमान शहरातून अन्वरी नावाच्या बाई आल्या. सत्तरी उलटलेल्या, काळा पायघोळ अबाया, दारात ड्रायव्हर उभा. त्यांचे आजोबा मोत्यांचे व्यापारी, वर्षातले चार महिने मुंबईत असायचे. त्यामुळे घरात हिंदी चालायची, मोडकी पण खणखणीत. त्यांनी पिशवीतून रुमाल काढला, रुमालातून घड्याळ. मधेच थांबतं, एवढीच तक्रार. पांढरी तबकडी, अरबी आकडे, आणि खाली मुंगीएवढ्या अक्षरात वेरदिये.

सूर्यकांतने भिंग लावलं. बाहेरचं झाकण उघडलं, मग आतलं. आतल्या झाकणावर सुईने कोरलेलं होतं: रा. मा., गिरगांव, १८९६. घड्याळ उघडणारा कारागीर आत आपली खूण करून ठेवतो, सगळ्या जगात ठेवतो. पण स्वित्झर्लंडचं घड्याळ अजमानच्या बाईच्या रुमालातून निघावं आणि आत मराठी अक्षर भेटावं, याने त्याच्या अंगावर काटा आला. त्या अक्षरांच्या शेजारीच कारखान्याच्या ठशाने घड्याळाचा नंबर उमटवलेला होता. एक, आणि त्यापुढे शून्य.

त्याने भिंग काढलं, पुसलं, पुन्हा लावलं. एकावर शून्य. दहा.

त्याच दुपारी स्वित्झर्लंडला फॅक्स गेला: नंबर दहा सापडलं. सोबत झाकणाचा फोटो पाठवला होता, तो तिकडे नुसता काळा चौकोन होऊन निघाला. पण हेड टेक्निशियनचं वाचन आहे म्हटल्यावर कोणी शंका घेतली नाही. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं की जुलैअखेर म्युझियमचे साहेब स्वतः येतील. शैलेंद्रने मार्चपासूनचा तो अर्ज ढिगातून वर काढला, त्यावर शिफारस लिहिली आणि सूर्यकांतच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, “काका, अब सत्तर तक आपको कोई नहीं हिलाएगा.”

अन्वरीबाईंना सूर्यकांतने फोनवर सगळी गोष्ट सांगितली, दहा नंबरची, ज्यूलची, तापाची, खिळ्याची. मग त्या म्हणाल्या, मेलेल्या माणसाची वस्तू आहे, तिच्या घरी गेली पाहिजे, ठेवून घ्या. कंपनी बदल्यात नवं घड्याळ देईल म्हटलं, तर त्यांनी ते ऐकूनच घेतलं नाही.

दुबईच्या करामा वस्तीतल्या घरी बायको उर्मिलाने सोफ्यामागे सामान बांधायला जमवलेली रिकामी खोकी वरच्या मजल्यावरच्या शोभनाला देऊन टाकली. सूर्यकांत तीन आठवडे बरा झोपला.

जुलैतल्या एका गुरुवारी संध्याकाळी तिघं जेवायला बसली होती. दुसऱ्या दिवशी शुक्रवारची सुट्टी, सूर्यकांत खुशीत. त्याने लाइट बिलाच्या पाकिटावर पेनने नंबर काढून दाखवला, जसा झाकणावर होता तसाच, शेपटीच्या वळणासकट.

“बघ शुभ्रा, असा आहे.”

शुभ्राने घास चावत पाहिलं. “ओके. नाइंटी-फाइव्ह. सो?”

“नाइंटी-फाइव्ह कुठलं? दहा आहे ते.”

“बाबा, धिस इज अरेबिक. हा नाइन, हा फाइव्ह. फर्स्ट स्टँडर्डपासून शिकतोय आम्ही.”

“अगं, बाजूला मराठी लिहिलंय.”

“ते रिपेअर केलं त्याने लिहिलं ना? नंबर तर फॅक्टरीने टाकला. व्हाय वुड दे राइट मराठी?”

उर्मिलाचा डाव आमटीच्या भांड्यातच थांबला. सूर्यकांत पाकिटाकडे बघत राहिला. अरबीतला नऊ म्हणजे डोक्याला गोल आणि खाली शेपटी. पाटीवर गिरवलेला आपला एक तसाच असतो. अरबीतला पाच म्हणजे नुसता गोल, आपलं शून्य. अरबी बाजारासाठीचं घड्याळ, कारखान्याने आतला नंबरही अरबीतच टाकला होता. बरं, हे त्याला माहीत नव्हतं असंही नाही. त्याच घड्याळाच्या तबकडीवर पाचच्या जागी गोल होता आणि नऊच्या जागी एक, आणि त्याने त्यावरून काटे फिरवले होते. पण तिथे जागेवरून कळतं. आत, त्या गिरगावच्या माणसाच्या अक्षरांशेजारी, त्याचा डोळा चौदा वर्षांचा झाला होता आणि पाटी वाचत होता.

तो ताटावरून उठला. हात धुतले, बाल्कनीत गेला, परत आला, चपला घातल्या आणि खाली पार्किंगमध्ये उतरला. एकवीस वर्षं तो गाड्यांच्या नंबर प्लेटवरचे इंग्रजी आकडेच वाचत आला होता. आता तो इंग्रजीवर हात धरून अरबी वाचत एका गाडीपासून दुसऱ्या गाडीकडे जाऊ लागला. नऊ. पाच. पाच. नऊ. वॉचमनने विचारलं, भाईसाब, कुछ खो गया क्या. तो नाही म्हणाला आणि पुढच्या गाडीकडे गेला.

शनिवारी त्याने शैलेंद्रच्या केबिनमध्ये जाऊन सांगितलं. शैलेंद्रने उठून दार लावलं. आणखी कोणाला ठाऊक आहे, हा त्याचा पहिला प्रश्न. घरच्यांना, म्हटल्यावर त्याने सुस्कारा सोडला. साहेबांचं तिकीट झालंय, पेपरवाल्यांना निमंत्रणं गेलीयत, वरच्यांनी दुबईचं नाव प्रत्येक मीटिंगमध्ये घेतलंय, असं तो बराच वेळ बोलत होता. मग त्याने आवाज खाली आणला.

“काका, बफ मार दो. सवा सौ साल पुरानी चीज़ है, नंबर घिस गया. घिसने से पहले आपने पढ़ लिया था. खलास.”

सूर्यकांत केबिनच्या खिडकीशी गेला.

“शुभ्रा की बारहवीं है ना इस साल?” शैलेंद्र म्हणाला. त्यात धमकी नव्हती. खरोखर काळजीने विचारल्यासारखंच विचारलं त्याने, आणि तेच जास्त लागलं.

बफचं, म्हणजे घासून पॉलिश करायचं मशीन कोपऱ्यात होतं. सूर्यकांतने आतलं झाकण वेगळं केलं, भिंग चढवलं, मोटर चालू केली. कापडी चाक फिरू लागलं. काम अर्ध्या मिनिटाचं, रा. मा.च्या खुणेला धक्का न लावता नंबर तेवढा उडवणारा हात त्या अख्ख्या देशात दुसरा नसेल. शुभ्राचा मार्च त्या अर्ध्या मिनिटात होता. पोरीचं सायन्स, तिच्या मैत्रिणी, तिची ती शाळा, सगळं. त्याने झाकण चाकाजवळ नेलं आणि धरून ठेवलं. चाकाचा वारा बोटांना लागत होता.

म्युझियमच्या साहेबांचं त्याला काही वाटत नव्हतं. एवढ्या मोठ्या भिंतीवर दहा ऐवजी पंचाण्णव टांगलं तर कोणाचं काय जाणार होतं? पण अन्वरीबाईंनी आजोबांचं घड्याळ रुमालातून सोडलं होतं ते एका मेलेल्या माणसाच्या नावावर. फोनवरचं त्यांचं ते ठेवून घ्या त्याला आठवलं. ते घड्याळ त्यांनी त्याच्या तोंडच्या शब्दावर दिलं होतं, आणि शब्द चुकीचा होता.

त्याने मोटर बंद केली. चाक थांबायला त्याला वाटलं होतं त्याहून जास्त वेळ लागला.

फॅक्स त्याने स्वतःच्या हाताने लिहिला, स्वतःच्या इंग्रजीत, कोणाला न दाखवता. नंबर पंचाण्णव आहे. मी चुकीचा वाचला. माझ्या भाषेत हेच चिन्ह दहा होतं. चूक माझी एकट्याची, मिस्टर शैलेंद्र यांची नाही. पहिल्यांदा लाइन बिझी. दुसऱ्यांदाही. तो मशीनपासून दारापर्यंत जात होता आणि परत येत होता, आणि दर फेरीला कागद उचलून घेणं त्याच्या हातात होतं. पाचव्या खेपेला कागद आत ओढला गेला.

उत्तर तीन दिवसांनी आलं. दोन ओळी. कळवल्याबद्दल आभार, भेट रद्द. बाकी कशाबद्दल चकार शब्द नाही. आठवड्याने एक्स्टेन्शनचा अर्ज वरून नामंजूर होऊन परत आला. शैलेंद्रने तो कोणाच्या हाती न देता स्वतः आणून बाकावर ठेवला आणि निघून गेला.

घरी उर्मिला तिसऱ्या दिवशी पोळी लाटताना म्हणाली, “खरं बोलायला मार्चपर्यंत थांबता आलं नसतं का तुम्हाला?”

शुभ्रा म्हणाली की ती मैत्रिणीच्या, मैथिलीच्या घरी राहील, मैथिलीची आई तयार आहे, इट्स ओन्ली फाइव्ह मंथ्स. उर्मिला म्हणाली, व्हिसा काय मैथिलीची आई देणार आहे? मग दोघी एकमेकींवर चढल्या, आणि सूर्यकांत या खोलीतून त्या खोलीत जात ऐकत राहिला. शेवटी शुभ्रा त्याच्या वाटेत उभी राहिली. “बाबा, सिट. प्लीज. मी कोल्हापूरला पण देऊ शकते ट्वेल्थ. एक वर्ष जाईल. सो व्हॉट.” तिचे डोळे तसं म्हणत नव्हते.

पुढच्या गुरुवारी दुपारी सुट्टी झाल्यावर तो घड्याळ घेऊन अजमानला निघाला. शारजाच्या ट्रॅफिकमध्ये सव्वा तास गेला. सगळ्या वाटेवर तो हिंदीत वाक्यं जुळवत होता.

अन्वरीबाईंचं घर जुन्या वस्तीत, खाडीच्या मागे. त्यांनी मजलिसमध्ये, म्हणजे बैठकीच्या खोलीत, यायला सांगितलं, खजूर आणि वेलचीची कॉफी, कावा, पुढे ठेवला. तो बसला नाही. उभ्यानेच त्याने सगळं सांगून टाकलं: ही ज्यूलची वस्तू नाही, दहा नंबर नाही, मी चुकीचं वाचलं, तुम्हाला फोनवर भलतीच गोष्ट ऐकवली, माफ करा.

“बैठो,” त्या म्हणाल्या.

तो बसला. त्यांनी घड्याळ घेतलं, नखाने एक झाकण उघडलं, मग दुसरं, आणि डोळ्यांपासून हातभर लांब धरलं.

“पंचानवे,” त्या म्हणाल्या. “मैं छोटी थी तब से पंचानवे है.”

सूर्यकांत पुढे सरकला. “अम्मा, आपको मालूम था?”

“लिखा तो है. तुमने फोन पे दस बोला, तो मैंने सोचा कंपनी का कोई दूसरा नंबर होगा. बड़ी कंपनी है.”

“फिर आपने बताया क्यों नहीं?”

“पूछा किसने?”

त्या आधी हसल्या. मग त्यालाही हसू आलं, आणि आलं ते थांबेना. डोळ्यांत पाणी आलं तसं त्याने रुमाल काढला. अन्वरीबाईंनी दुसरीकडे पाहत त्याला वेळ दिला. मग विचारलं, या चुकीपायी कंपनीने तुला काही केलं का? त्याने सांगितलं, केलं काहीच नाही, करणार होते ते केलं नाही. मुलीचं सांगितलं, परीक्षेचं सांगितलं.

“तो कब तक हो इधर?”

“अक्टूबर,” सूर्यकांत म्हणाला. मार्चपासून हा शब्द त्याने घरात किंवा ऑफिसात एकदाही उच्चारला नव्हता.

बाईंनी मान हलवली. त्या काही दिलासा देणाऱ्यातल्या नव्हत्या. घड्याळ त्यांनी कानाशी धरलं, चालू आहे याची खात्री केली आणि विचारलं की ऑक्टोबरनंतर हे बिघडलं तर कोणाकडे न्यायचं. नवा माणूस येतोय, सूर्यकांत म्हणाला, हाताचा चांगला आहे असं ऐकलंय.

“उसको बोल के जाना,” त्या म्हणाल्या. “कुछ पढ़ना हो तो पहले मुझसे पूछे.”

त्याने खिशातून पेन आणि लाइट बिलाचं ते पाकीट काढलं. त्यांनी आपला फोन नंबर सांगितला, तो एकेक आकडा अरबीत लिहीत गेला. लिहून झाल्यावर त्याने पाकीट त्यांच्यापुढे धरलं. अन्वरीबाईंनी बोट ठेवून सगळे आकडे वाचले, एका जागी थांबल्या, पुन्हा वाचले, आणि बरोबर आहे म्हणून पाकीट त्याला परत दिलं.